गेटवर ओळख पटेना

जुने सोबती भेटले की कोणीतरी मला पास ऑफिसातलं काहीतरी सांगायला लावतं. एक सांगून होईतो दुसरं आठवतं, आणि चहा निवून जातो. खरं तर ते दिवस हसण्याचे नव्हते. महायुद्ध ऐन भरात, त्यात चळवळीची धामधूम. कुठे तारा तोडल्या, कुठे रूळ उखडले, हेच रोज कानावर. मी देहूरोडकडच्या एका लष्करी डेपोच्या गेटवर पास लिहिणारा कारकून. आत दारूगोळा, बाहेर कामावर येणारी मावळातली माणसं आणि मधे मी. "परका माणूस आत शिरला तर आधी तुला कोर्टापुढे उभा करीन," असं साहेबानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हा जी माझी झोप उडाली ती लढाई संपेपर्यंत काही परत आली नाही.

* * *

पासावर फोटो असायचा आणि 'ओळखीची खूण' असा एक रकाना. पांडू म्हणून एक रंगारी होता. त्याचा पास लिहिताना मी त्याच्याकडे नीट बघितलं आणि लिहिलं, 'डाव्या गालावर काळा तीळ'.

दुसऱ्या दिवशी पांडू आला तो गाल स्वच्छ! तीळ म्हणजे डांबराचा शिंतोडा होता आणि रात्री त्याच्या बायकोनं तो रॉकेलनं पुसून काढला होता. पास बदलायचा तर अर्ज, चौकशी, साहेबाची सही, आणि माझी चूक चव्हाट्यावर. माझं तोंड बघून पांडूलाच माझी दया आली.

"भाऊसायेब, तुमी नका घोर लावून घिऊ. म्या बगतो."

त्या दिवसापासून पांडू रोज गेटबाहेर डांबराचं बोट गालाला लावून आत येऊ लागला. तीळ कधी डोळ्याखाली असायचा, कधी हनुवटीजवळ. पहारेकऱ्यानं एकदा हटकलं तेव्हा मी खिडकीत गारठलो होतो.

पांडू शांतपणे म्हणाला, "थंडीत वर सरकतो, सायेब."

* * *

सकाळच्या गाडीत लोणावळ्याहून आम्ही तिघं ठरलेले. मी, तळेगावच्या शाळेतले मास्तर, आणि डेपोच्या गेटबाहेर चहाचं दुकान चालवणारे उस्मानभाई. मास्तर रोज वर्तमानपत्र वाचायचे आणि देशाच्या सुरक्षेची काळजी वाहायचे.

"सगळ्या देशाला एकच कार्ड द्यावं," मास्तर म्हणाले. "नाव, गाव, फोटो, अंगठा. रेशनला तेच, गाडीला तेच, डेपोला तेच. हेर आला की सापडलाच."

"आणि हेरानंच कार्ड काढलं तर?" उस्मानभाईंनी विचारलं.

"त्याला कोण देईल?"

उस्मानभाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हे देतील. यांना डांबर आणि तीळ यातला फरक कळत नाही."

सगळा डबा हसला. मीही हसलो, पण आधी आजूबाजूला बघून घेतलं. भरल्या डब्यात कोण कोण ऐकत होतं कोणास ठाऊक. मास्तर मात्र हट्टाला पेटले, एकच कार्ड हवं म्हणजे हवंच.

उस्मानभाई मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, आज माझं रेशन कार्ड हरवलं तर माझी साखर जाते. तुमचं ते एकच कार्ड हरवलं तर उस्मानच जातो."



* * *

एकदा माझाच पास घरी दुसऱ्या कोटात राहिला. गेटवरचा पंजाबी हवालदार मला रोज सलाम करायचा, माझ्या डब्यातली लोणच्याची फोड त्याची ठरलेली. मी म्हटलं, "हवालदारजी, मैं हूं."

"पहचानता हूं, बाबूजी. लेकिन आदमी पहचानने का हुक्म नहीं है. पास पहचानने का है."

आणि मला गार्डरूममध्ये बसवलं. दुपारी साहेब आला.

"या माणसाचा पास कोणी लिहिला होता?"

"मीच, साहेब."

आणखी दोन तास बसलो.

* * *

कार्ल्याचा शिवराम आणि त्याचे तीन धाकटे भाऊ, चौघेही डेपोत हमाल होते. त्यांचे वडील वारले. तेरा दिवसांची रजा मिळाली. चौदाव्या दिवशी हजर नाही तर नाव कमी.

चौदाव्या दिवशी चौघे वेळेवर गेटवर उभे. डोकी तुळतुळीत, मिशा साफ! फोटोत मात्र चौघांच्याही मिशा भरघोस. दहाव्याला मुंडन केलं तेव्हा पासाची आठवण कोणालाच झाली नाही. रजेचे अर्ज लिहिताना मलाही झाली नव्हती.

गोरा सार्जंट फोटो बघे, माणूस बघे, आणि लाल होई. नियम असा, की फोटो जुळला नाही तर त्याच गावच्या पासवाल्यानं माणूस ओळखून नाव सांगायचं. पास लिहिणाऱ्याची साक्ष चालत नसे. कार्ल्याचं दुसरं कोण? तंबू शिवायला येणारी हौसाबाई, शिवरामची बायको. ती मागेच बायकांच्या रांगेत होती.

सार्जंटनं तिला पुढे घेतलं आणि एकेकापुढे छडी धरली. नाव ऐकलं की त्या माणसानं 'हाजिर' म्हणायचं.

"ह्यो ज्ञानू."

"हाजिर."

"ह्यो बबन."

"हाजिर."

"ह्यो धोंडू."

"हाजिर."

छडी शिवरामपाशी आली. हौसाबाईनं पदर पुढे ओढला आणि गप्प झाली.

"नाम?"

"हायती की आमच्यातलंच."

"नाम बोलो!"

नवऱ्याचं नाव आमच्याकडे बायका घेत नाहीत, हे मी सार्जंटला सांगून पाहिलं. "तीन का मालूम, चौथे का नहीं?" म्हणत त्यानं शिट्टी काढली. दोन शिपाई शिवरामच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. मागे असंच संशयावरून नेलेला एकजण महिनाभर घरी परतला नव्हता.

"हौसाबाई, घ्या नाव," मी खालच्या आवाजात म्हणालो. "पाप माझ्या माथी."

"माज्यानं न्हाई व्हायचं, भाऊसायेब. मामंजी जाऊन पंधरा दीस न्हाई झालं."

सार्जंटनं शिट्टी तोंडाला लावली. हौसाबाईनं डोळे मिटले.

"शिवराम," ती म्हणाली.

सगळ्या गेटला ऐकू गेलं. रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. शिवरामनं मान वर केली. बारा वर्षांच्या संसारात त्यानं आपलं नाव त्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. तोंड उघडं पडलं, पण 'हाजिर' काही बाहेर येईना. तो नुसता बायकोकडे बघत उभा राहिला.

"ये नहीं है?" सार्जंटनं विचारलं. शिपायांनी शिवरामचे दंड धरले.

हौसाबाईनं डोळे उघडले.

"शिवराम," ती पुन्हा म्हणाली. "अवो, ओ द्या की."