चिमीच्या शेजारी

खालच्या मजल्यावरच्या नीलाकाकू चार दिवसांसाठी लेकीकडे गेल्या आणि त्यांच्या मांजरीचं, चिमीचं, खाणंपिणं माझ्यावर सोपवून गेल्या. किल्ली देताना म्हणाल्या, "नुसतं ताटलीत घालून पळू नकोस हं. ती खाईपर्यंत शेजारी बस. एकटीला जेवण जात नाही तिला."

मी हसले, पण मनात काहीतरी टोचलं. मांजरीचा हेवा वाटतो, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. कॉलेजसाठी या शहरात आल्यापासून मी खोलीत एकटीच डबा खाते. आणि गावाकडे आई तर सगळ्यांची जेवणं उरकल्यावर चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून, भराभर चार घास खाते. तिच्या शेजारी बसावं, असं आम्हाला कधी सुचलंच नाही.

पहिल्या दिवशी मी सांगितल्याप्रमाणे चिमीच्या शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ताटलीत दूधभात ठेवला आणि मुद्दामच लगेच निघून आले. संध्याकाळी पाहिलं, तर भात तसाच वाळून गेलेला, आणि आदल्या दिवशी मी जिथे बसले होते, नेमकी तिथेच चिमी बसलेली.

मला फार वाईट वाटलं. मी ताजा भात कालवला आणि तिच्या शेजारी बसले. ती खाऊ लागली. हेवा काही गेला नाही. उलट, आता आईच्या वतीनेही मीच चिमीचा हेवा करत होते.

सुट्टीत घरी गेले की आई जेवताना तिच्याजवळ बसायचं ठरवलंय. ती म्हणेल, "अशी काय बघत बसलीयास? जा, अभ्यास कर जा." तरी तिचं ताट रिकामं होईपर्यंत मी उठणार नाही.