पाचही स्पीकर वाजत होते

लेलेकाकू कानाच्या डॉक्टरकडे निघाल्या होत्या. त्यांच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. त्या घरात हे फक्त मला माहीत होतं, आणि मी ओसरीवर हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन गप्प उभा होतो.

मी अलिबागच्या एका शोरूमसाठी इन्स्टॉलेशन करतो. प्रोजेक्टर, स्पीकर, होम थिएटर. त्या सकाळी नागावहून काकूंच्या मुलाचा, मंदारचा, फोन आला होता. मागचे दोन स्पीकर काढून न्या म्हणाला. आईला त्यांचा त्रास होतो, तिला हल्ली नीट ऐकूच येत नाही.

काकू निवृत्त शिक्षिका. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. सिनेमाचं वेड मात्र राहिलं. पण टीव्हीच्या एका खोक्यातून सगळा आवाज येतो, त्यात कोण आलं, कोण गेलं काही कळत नाही, म्हणून त्यांनी सिनेमा लावणंच बंद केलं होतं. मंदारने वाडीतल्या घरात होम थिएटरची ही खोली बांधून घेतली ती त्यांच्यासाठी. पडदा नातवंडांना, आवाज आजीला.

सराउंड साउंड म्हणजे काय ते साधं आहे. संवाद समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतात. उजवीकडचं दार उजवीकडे वाजतं. मागून कोणी चालत आलं तर पावलं मागे ऐकू येतात. प्रत्येक स्पीकरला त्याचा वेगळा आवाज पोचवायचं काम रिसीव्हर नावाची पेटी करते. इंटरनेटवरून सिनेमा दाखवणारी छोटी स्टिक या पेटीला जोडायची आणि पेटीतून फक्त चित्राची केबल छतावरच्या प्रोजेक्टरला न्यायची.

इथे खोली लावायला आलो, तेव्हा ती केबल गेलीच नाही. मुंबईच्या डिझायनरने आम्हाला न विचारता पीओपीचं छत बंद करून टाकलं होतं. आत टाकलेल्या पाइपात प्लास्टर घट्ट बसलेलं. जाड एचडीएमआय केबल अर्ध्यात अडकली, बारीक ऑडिओची वायर तेवढी पार झाली. मग मी स्टिक प्रोजेक्टरलाच लावली आणि त्याच्या हेडफोनच्या भोकातून आवाज खाली रिसीव्हरला आणला. त्या भोकातून फक्त डावा आणि उजवा, असे दोनच आवाज येतात. बाकीचे तीन स्पीकर मुके.

मी आमच्या शोरूमच्या मालकांना, विनोदशेठना, फोन केला होता. ते म्हणाले, "ऑल चॅनल स्टिरिओ लाव आणि नीघ. पाचही वाजले की झालं."

हे रिसीव्हरवरचं एक बटण. ते दाबलं की तोच आवाज पाचही स्पीकरमधून येतो. पार्टीतल्या गाण्यांना ठीक आहे. सराउंडशी त्याचा संबंध नाही. मी ते दाबलं. काकूंना खुर्चीत बसवलं आणि म्हणालो, "बघा काकू, चारी बाजूंनी आवाज." खोटं नव्हतंच ते. म्हणून तर सहज तोंडातून निघालं.

आता ओसरीवर काकू चप्पल पायांनी चाचपत होत्या. मला म्हणाल्या, "म्हात्रे, तुमच्या मशीनला दोष नाही हो. सगळी माणसं एकदमच माझ्या कानात बोलतात. समोर कुणी उभंच राहत नाही. आता कानही जायला लागले असणार."

मंदार गाडी वळवत होता. मी हाक मारून त्याला थांबवलं आणि दोघांना सगळं सांगितलं. पाइप, भोक, बटण. शेठच्या नावामागे लपलो नाही. बटण दाबणारं बोट माझं होतं.

मंदार चिडला. चिडायलाच हवं होतं. अंध बाईला बहिरी ठरवलंत, रात्ररात्र ती उशाशी घड्याळ धरून टिकटिक ऐकू येते का बघत बसायची, असं तो बोलला. ते ऐकून मला स्वतःचीच चीड आली.

काकू पायरीवर बसल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "डोळे गेले तेव्हा कुणावर चिडायचं तेच कळलं नव्हतं. आज कळलंय. मला जरा चिडू दे."

आम्ही दोघं उभे राहिलो.

मग मी तिथूनच शेठना फोन लावला. नवी लांब केबल हवी आणि आजच हवी, असं सांगितलं.

"बिल झालंय त्याचं. कोणी सांगितलं तुला तोंड उघडायला?"

"आज केबल मिळाली नाही, तर ज्या बाकीच्या घरी हेच बटण दाबून आलोय, तिथे जाऊनही उघडेन."

केबल आली. पाइप बादच होता, म्हणून ती भिंतीवरून आणि छताखालून प्लास्टिकच्या पट्टीत न्यायचं ठरवलं. मंदारने डिझायनरला फोन करून स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, हाताने केलेल्या फिनिशवर प्लास्टिकची पट्टी म्हणजे खोलीचा खून. छत फोडायलाही तयार नाही. आधी विचारायचं होतं, म्हणाली. आम्ही तिला विचारायचं!

काकूंनी आतून विचारलं, "कुठे दिसणार आहे ती पट्टी?"

"समोरच्या भिंतीवर, काकू. अगदी पडद्याशेजारी."

"मग मला चालेल. मला कुठे दिसतेय?"

मंदार हसला नाही, पण त्याने फोन ठेवून दिला.

पट्टी ठोकली. स्टिक काढून रिसीव्हरला लावली, तिथून चित्र वर प्रोजेक्टरला. तरी रिसीव्हरच्या डिस्प्लेवर दोनच चॅनल दिसत होते! स्टिकच्या सेटिंगमध्ये आवाज स्टिरिओवर अडकवून ठेवला होता. तोही मीच. तो ऑटोवर आणला, ऑल चॅनलचं बटण बंद केलं आणि डिस्प्लेवर पाचही चॅनल आले.

एक नवा सिनेमा लावला. एक बाई समोर बोलत होती, फक्त समोर. उजवीकडे दार करकरलं. काकूंची मान तिकडे वळली. पावलं खोलीच्या मागे गेली, आणि काकूंचं बोट हवेत हळूहळू पावलांमागून फिरत गेलं.

"तो गेला," त्या म्हणाल्या. "ती अजून उभी आहे." मग मंदारला म्हणाल्या, "डॉक्टरांना फोन कर, येत नाही म्हणावं. आणि म्हात्रे, चहा घेऊन जा. माझा राग गेलेला नाही, चहा वेगळा."

चहा घेतला.

मी अजून त्याच शोरूममध्ये आहे. शेठ बोलतात, पण कामापुरतं. लेलेंच्या आधी ज्या घरांत ते बटण दाबून आलो, तिथे सुट्टीच्या दिवशी जातो आणि स्वतःच दार वाजवतो. काही जण ऐकून घेतात, काही हाकलतात. बहुतेकांना फरक कळलेलाच नसतो, आणि ते मला आणखी झोंबतं.

तुमच्या घरी असं काम निघालं, तर छत बंद होण्याआधी पाइपातून जाड केबल ओढून बघा. आणि पाचही स्पीकर वाजले म्हणून खूश होऊ नका. लावणाऱ्याला डोळे मिटायला सांगा, आणि सिनेमातलं दार कुठल्या बाजूला उघडलं ते विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर पैसे देऊ नका.