संवत्सरीची फायनल

जालन्याच्या मस्तगडात श्रेणिकशेटला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि हा माणूस फुटबॉलवेडा आहे हे ठाऊक असलेला माणूसही सापडायचा नाही. बारदान्याचं पिढीजात दुकान. सोयाबीन निघो की हरभरा, मोंढ्यातल्या निम्म्या आडतींना पोती आणि सुतळी इथूनच जायची. वय चाळिशीपुढचं, पोट गल्ल्याला टेकलेलं, चाल इतकी संथ की त्याला रस्ता ओलांडताना पाहून रिक्षावाले आपणहून इंजिन बंद करत. उभ्या जन्मात या गड्यानं चेंडूला पाय लावला नव्हता. पण शाळेत असताना शेजाऱ्याच्या टीव्हीवर एक वर्ल्ड कप पाहिला आणि ते जे वेड लागलं ते काही सुटलं नाही.

वेड चोरूनच करावं लागे. सुगनबाईंच्या, म्हणजे श्रेणिकच्या आईच्या, माहेरी एकानं क्रिकेटच्या सट्ट्यात भरलं दुकान घालवलं होतं. तेव्हापासून 'मॅच' हा शब्द घरात कांद्यालसणासारखा वर्ज्य. वडील हुकमचंदजी वारले, दुकान श्रेणिकच्या हाती आलं, डोक्याचे केस पांढरे व्हायला लागले, तरी बाई समोर आल्या की तो मोबाईल पोत्याखाली सारत असे. आईला घरात सगळे बाईच म्हणत. बाई कधी ओरडत नसत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं घरातल्या प्रत्येकाला एकदा तरी वाटून गेलेलं होतं.

या वेडात त्याला भागीदार एकच, मंठ्याचा हरिओम. तिथं त्याचं खताबियाण्याचं दुकान. पोती न्यायला जालन्यात आला की दोघं गोदामात बसून तासभर फुटबॉल बोलत आणि चहा थंड करून पीत. त्या वर्षी दोघांचा आवडता संघ कोलकात्यातल्या एका मोठ्या कपाच्या फायनलला पोचला आणि हरिओमनं विडाच उचलला.

"श्रेणिकभाऊ, जिंदगीभर मोबाईलवरच बघून राह्यलो आपण. आता बास. तिकिटं काढून राह्यलो मी, तुम्ही फक्त हां म्हणा."

श्रेणिकनं हां म्हणण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आठ दिवसांचं पर्युषण चालू होणार होतं. पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरी, जैनांचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. त्या दिवशी उपास करायचा, संध्याकाळी स्थानकात, म्हणजे समाजाच्या उपासनागृहात, वर्षभराच्या चुका आठवायला प्रतिक्रमणाला बसायचं आणि लहानथोर सगळ्यांची 'खमत खामणा' म्हणून क्षमा मागायची. कॅलेंडरात संवत्सरी फायनलच्या आदल्या दिवशी होती. संवत्सरी उरकून विमानानं निघालं तर बराबर जमत होतं. श्रेणिक हां म्हणाला.

आता याला काय म्हणावं! ते कॅलेंडर एका मंदिरमार्गी, म्हणजे मूर्तिपूजक जैन, व्यापाऱ्यानं दिवाळीत दिलेलं. श्रेणिकचं घर स्थानकवासी, मूर्तिपूजा न करणारं. काही वर्षी मंदिरमार्गींची संवत्सरी भाद्रपदातल्या चौथीला आणि स्थानकवासींची पंचमीला येते, हे घरातल्या पलकला, म्हणजे श्रेणिकच्या शाळकरी पोरीलासुद्धा ठाऊक होतं. श्रेणिकला ते पर्युषणाच्या पहिल्या दिवशी स्थानकात महाराजसाहेबांनी, म्हणजे तिथल्या साधूंनी, सांगितलं तेव्हा आठवलं. फायनल ऐन संवत्सरीला होती. आणि त्याच दिवशी बाईंनी हात जोडून अठाईचं पचखाण, म्हणजे उपासाचा संकल्प, घेतलं. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. वय सत्तरीचं.

तिकीट फाडून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं. दोन दिवस तो हरिओमला फोन करायचा म्हणून गोदामात जाई आणि फोन न करता परत येई. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाही नवल वाटावं इतकं गुळगुळीत निघालं.

"बाई, कोलकात्याला जावं लागतंय. बारदान्याचा सौदा है. जिनेंद्रभाईनं बोलावलंय, आत्ता न्हाई गेलो तर माल दुसरीकडं जाईल."

जिनेंद्रभाई हे कोलकात्यातले बारदान्याचे दलाल, हुकमचंदजींच्या वेळेपासूनचे. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "संवत्सरीला?"

"काय करू बाई, धंदा है."

"मंग पारण्याला न्हाईस तू."

पारणं म्हणजे तपाचा उपास सोडणं. घरातल्यांनी, आणि आधी मुलानं, चमच्यानं पाणी पाजून ते करवायचं असतं. "जा," बाई म्हणाल्या. "जपून जा." त्याची बायको चंचल हिनं बॅग भरली.

वाटेत त्यानं स्वतःशी एक सौदा केला. संवत्सरीचा उपास आपण कडक करायचा, पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, म्हणजे पाप जरा हलकं होईल. व्यापारी माणूस, घासाघीस देवाधर्माशीही करतो.

आणि मग ते स्टेडियम. जिना चढून वर आला आणि एकदम समोर हिरवंगार मैदान उघडलं, तेव्हा श्रेणिकशेटच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मोबाईलच्या टिचभर काचेत पाहिलेलं ते सगळं एवढं मोठं होतं. ढोल, झेंडे, पिवळ्या जर्सीतली हजारो माणसं, आणि त्यांच्यामधे पिवळी जर्सी पोटावर ताणून बसवलेला आपला शेट. हरिओमनं त्याच्या गालावर पिवळा पट्टा ओढला. तो नको नको म्हणाला आणि दुसरा गालही पुढं केला.

फोन मात्र सकाळपासून वाजत होता. त्या दिवशी तो वाजणारच. मावसभाऊ, साडू, आडतवाले, सगळे खमत खामणा म्हणत होते. श्रेणिकही म्हणत होता, एक डोळा मैदानावर ठेवून. पहिला हाफ संपत आला होता, सूर्य बुडायला आला होता, आणि फोनवर नाव आलं: बाई.

तो बाकाखाली वाकला. एका कानात बोट घातलं.

"बोला बाई!"

"कुठं हैस? लई आवाज येतोय."

"गोदामात है बाई. मशीन चालू है इथं."

मग बाईंचा आवाज आला, आठ दिवसांच्या उपासानं बारीक झालेला. "प्रतिक्रमणाला निघाले. म्हटलं तुझ्याशी बोलून जावं. वर्षभरात मनानं, वचनानं, कायेनं माझ्याकडून तुझं काही दुखावलं असंल, तर मला खमाव बेटा. खमत खामणा."

श्रेणिकच्या गालावरचा रंग घामानं ओघळून हनुवटीवर आला होता. आपण खोटं बोललो त्या बाईनं आपली क्षमा मागावी! कानशिलं गरम झाली, बाकाखालून वर येऊच नये असं वाटलं. पण जीभ सवयीची होती. "हां बाई, हां, खमत खामणा, माझंबी, खमत खामणा," त्यानं सकाळपासून विसेक जणांना म्हटलं तसंच घाईघाईनं म्हणून टाकलं.

"अजून काही बोलायचंय का तुला?"

"न्हाई बाई. इथं काही ऐकूच येत न्हाई."

"बरं," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

इथं एखादा भला माणूस उठून बाहेर गेला असता. श्रेणिकही उठला. पण तेवढ्यात पिवळ्यांचा डावा विंगर चेंडू घेऊन सुटला, समोरचे दोघे मागं टाकले, चेंडू मधे आला आणि जाळ्यात गेला. पुढची पाच मिनिटं श्रेणिकला ना आई होती ना संवत्सरी. तो बाकावर चढून नाचला. अनोळखी बंगाली म्हाताऱ्याला त्यानं मिठी मारली. हरिओमनं कागदाचा कोन हातात कोंबला, "खा भाऊ, गोल झाला!" आणि यानं मूठभर तोंडात टाकलं. चावल्यावर कळलं, मुरमुऱ्यात कच्चा कांदा होता. वर पाहिलं तर दिवे लागलेले, सूर्य बुडालेला. उपास गेला, सूर्य मावळल्यावर तोंडात काहीच न घालायचा चौविहार गेला, राहिलं होतं काय? थुंकून टाकता आलं असतं. त्यानं गिळलं.

पिवळे जिंकले. हरिओम रस्ताभर गात होता. श्रेणिकनं लॉजवर येऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, तरी कानामागं पिवळं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सुटली आणि चंचलचा फोन आला.

"बाईनं पारणं केलं न्हाई. सकाळी महाराजसाहेबाकडून नववं पचखाण घेऊन आल्या. उद्या दहावं घेणार म्हणतात. किती समजावलं, ऐकतच न्हाईत. तुमची वाट बघून राह्यल्यात वाटतं. सगळ्या मस्तगडात तेच चालू है, पोरासाठी माय थांबली."

गाडीतून उडी तर मारता येत नव्हती. हरिओमनं खिडकीतून भेळ घेतली आणि "घ्या" म्हणून पुढं केली. श्रेणिकनं तोंड फिरवलं. आपण नाचत होतो, तेव्हा सत्तर वर्षांची म्हातारी आपल्या हातच्या चमचाभर पाण्यासाठी पोट बांधून बसायचं ठरवत होती. जालन्यापर्यंत त्यानं मनात शंभर वेळा कबुली दिली आणि शंभर वेळा ती परत घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचला तेव्हा बाई सामायिकात, म्हणजे ध्यानाला, बसलेल्या होत्या, भिंतीला टेकून. चेहरा एवढासा झालेला. त्यांनी डोळे उघडून त्याला पाहिलं आणि पुन्हा मिटले. तो तसाच आत निघून गेला.

सकाळी पारण्याला घर माणसांनी भरलं. बाया गाणी म्हणत होत्या. बाईंना पाटावर बसवलं. चंचलनं मुगाच्या पाण्याची वाटी आणि चांदीचा चमचा श्रेणिकच्या हातात दिला. आता बोलावं. आत्ताच बोलावं. पण साठ माणसांसमोर कसं बोलणार? त्यानं चमचा बाईंच्या ओठाला लावला. बाईंच्या डोळ्याला डोळा न देता तो पाजत होता, अर्धं पाणी बाईंच्या पदरावर सांडलं. बायांना ती मातृभक्ती वाटली, दोघीतिघींनी डोळे पुसले. जैन संघाच्या अध्यक्षांनी बाईंना शाल दिली आणि मग दुसरी शाल काढून श्रेणिकच्याच खांद्यावर घातली. "धंद्याच्या धावपळीत असूनबी ज्याच्यासाठी माय दोन दिवस उपाशी थांबते, तो मुलगा पुण्यवान," ते म्हणाले. लोकांनी जयजयकार केला. ती शाल त्यानं घेतली. अंगावर घेऊन तो सगळ्यांना हात जोडत उभा राहिला, आणि शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला त्या सकाळी समजलं.

दुपारी माणसं पांगली. बाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. श्रेणिक जाऊन पायाशी बसला आणि पाय दाबायला लागला. पाय हलके झाले होते, हाडं हाताला लागत होती.

"बाई, एक सांगायचंय."

"सांग."

"बारदान्यासाठी गेल्तो न्हाई मी."

"माहीत है मला," सुगनबाई म्हणाल्या.

त्याचे हात थांबले.

"जिनेंद्रभाईचा फोन आल्ता. दर संवत्सरीला येतो त्यांचा, खमत खामणा म्हणायला. तेबी विसरलास? मी विचारलं, श्रेणिक पोचला का. ते म्हणाले, श्रेणिक इकडं आलाच कधी? मंग मंठ्याला हरिओमच्या घरी फोन लावला. त्याच्या मायनं सांगितलं, दोघं म्याच बघायला गेल्यात."

"कधी आल्ता जिनेंद्रभाईचा फोन?"

"दुपारी. तुला फोन लावायच्या आधी."

म्हणजे तेव्हा बाईंना सगळं ठाऊक होतं. गोदाम, मशीन, सगळं. श्रेणिकला वर बघवेना. "मंग बाई, तुम्ही माझी क्षमा कशाला मागितली?"

सुगनबाई छताकडे बघत होत्या. "राग आल्ता मला. आठ दिवसाचं तप, संवत्सरीचा दिवस, अन् पोटच्या पोराचा असा राग आला की त्याचं तोंड बघू नये वाटलं. ते माझं चुकलं. म्हणून खमावलं तुझ्याकडं." त्यांनी जरा दम घेतला. "प्रतिक्रमणातबी राग गेला न्हाई. सगळ्या जगाला माफ करून आले, तुला करता येईना. म्हणून अजून दोन दिवस पचखले. लोक म्हणतात, पोराची वाट पाहिली. कशाची वाट! राग उतरेना, तर खाऊ कसं?"

"उतरला का मंग?"

"माझा उतरला," बाई म्हणाल्या. "माझं मी निपटलं. तू अजून खमावलंस कुठं?"

खमत खामणा हे शब्द सवयीनं त्याच्या तोंडात आले. त्यानं ते तिथंच ठेवले. त्यानं बाईंचे पाय दोन्ही हातांनी धरले.

"बाई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तुमच्याशी बोलून झालं अन् मी तिथं नाचलो. पाच मिनिटात तुम्हाला विसरलो. कांदाबी खाल्ला, संवत्सरीला, सूर्य बुडल्यावर. आज सकाळी शाल घेतली तीबी खोटीच है."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चाळिशीचा मुलगा पायाशी रडत होता. त्यांनी त्याला गप्प केलं नाही.

"शाल अध्यक्षाच्या घरी नेऊन दे," त्या म्हणाल्या. "अन् कशासाठी परत देतोस ते त्यांना तूच सांग. मी सांगणार न्हाई."

"आज?"

"मंग कवा, पुढच्या संवत्सरीला?"

श्रेणिक उठला. शाल बाहेर खुंटीला होती, ती त्यानं काढली, घडी घातली, पिशवीत टाकली. चंचलनं कुठे निघालात विचारलं तर त्यानं तिलाही सगळं सांगितलं, उंबऱ्यातच, पलकच्या देखत. मग चप्पल घालून तो भर उन्हात अध्यक्षांच्या घराकडे निघाला, आणि वाटेत जो भेटला तो त्याला हात जोडून म्हणत होता, शेटजी, नशीबवान आहात.