दोराचं दुसरं टोक

माघातल्या दुपारी काजूच्या मोहराचा वास टेकडीवरून उतरून किनाऱ्यापर्यंत येतो, आणि तिथे ओल्या काथ्याच्या, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या वासात मिसळून असा काही होतो, की आजही तो आला की मी सोळा वर्षांचा होतो आणि गळ्यात शिट्टी असल्यासारखी मान थोडी खाली झुकते.

तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांच्याच हाती होता. आमच्या मच्छीमारांच्या वाडीचा आणि कसालकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांचा हुतूतूचा सामना दरवर्षी सुकतीच्या वेळी, समुद्राने मोकळ्या केलेल्या घट्ट वाळूवर व्हायचा. वाळूतल्या रेघा पायांनी पुसतात म्हणून रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, जुना दोर अंथरून आम्ही अंगण आखायचो, आणि खेळ संपला की भरती यायच्या आत सगळी वाडी हसतखिदळत तो दोर गुंडाळून वर न्यायची. जिंकणाऱ्यांच्या देवळात मानाचा नारळ जाई. त्या नारळापायी मोठ्या माणसांची डोकी फुटलेली आम्ही पाहिली होती. म्हणून रापणीचा म्होरक्या असलेल्या आमच्या बाबू तांडेलाने त्या वर्षी पंचाची शिट्टी माझ्या गळ्यात घातली. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. तांडेल एवढंच म्हणाला, "पोरांचो खेळ, पोरांनीच चालवूचो." मग माझ्या कानाशी वाकून हळूच, "भियां नको. चुकलंस तर मी आसंय."

त्या वाक्याच्या आधारावर मी दुपारभर राजासारखा वावरलो, खोटं कशाला बोलू!

शेवटची चढाई सोनूची होती. सोनू म्हणजे माझा जिवाभावाचा सोबती. एकाच होडीच्या सावलीत आम्ही दोघं चालायला शिकलो. त्याची आई कडेवरच्या तान्ह्या विठूला घेऊन पुढेच उभी होती. एक गडी मारला की नारळ आमचा. सोनू दम धरून आत घुसला, समोरच्याला शिवला, आणि परतताना लाटेच्या गाजेत त्याचा हुतूतू क्षणभर तुटला. कुणाला ऐकू गेलं नसेल, पण मी हातभर अंतरावर होतो. मी शिट्टी वाजवली आणि त्याला बाद दिलं.

"दम तुटाक नाय माजो!" सोनू ओरडला. "तुका नीट ऐकाक येवक नाय!"

मी तांडेलाकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत राहिला. नारळ कसालच्या बाजूला गेला आणि आमची माणसं एकेक करून, माझ्याकडे न बघता, माडांतल्या वाटेने निघून गेली. सोनूही गेला. ओला दोर दोघांशिवाय उचलवत नाही. तो मी एकट्याने, वाळूत फरफटवत, थोडा थोडा करून गुंडाळला. तळहात सोलवटले. लाटा घोट्यापर्यंत आल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आपली वाडी परक्याची वाटली.

तांडेलाचा मी फार राग केला. तो वारल्यावर उमगलं, की त्याने शब्द मोडला नव्हता. चुकलो तर तो येणार होता. मी चुकलोच नव्हतो. पण जो बरोबर असतो त्याच्या पाठीशी कोण उभं राहतं, हे काही त्याने मला सांगितलं नाही. सोनू पुढे देवगडला दुसऱ्यांच्या होड्यांवर गेला. सणाला यायचा, समोरून जायचा, पण एका शब्दाने बोलायचा नाही.

गोवा मोकळा होऊन पाच-सात वर्षं झाली होती. मी गावच्या शाळेत मास्तर झालो होतो, आणि पोरांना खेळ चालवायला देण्याचा तांडेलाचा हट्ट आता माझा झाला होता. त्या वर्षी शिट्टी घेतली सोनूच्या धाकट्या भावाने, आता तेरा वर्षांच्या झालेल्या विठूने. सवयीने मी म्हणून गेलो, "चुकलंस तर मी आसंय," आणि माझ्याच तोंडून तांडेल बोलला.

दैव बघा, विठूनेही शेवटच्या चढाईत आपल्याच वाडीच्या गड्याला बाद दिलं. पाय दोराबाहेर पडला होता, मीही पाहिला. माणसं पुन्हा तशीच पांगली. कलत्या उन्हात ते पोर दोराचं एक टोक धरून ओढू लागलं. मी पुढे होणार, तोच सणाला आलेला सोनू माडांच्या सावलीतून उतरला आणि त्याने दुसरं टोक उचललं.

"थांब. एकट्याचां काम न्हय ह्यां," तो भावाला म्हणाला. मग मान न वळवता, "आणि तू खंय बघतंस रे? मदी धर."

मी जाऊन मधे धरलं. दोर खूप जड होता. दम तुटला होता की नाही हे सोनूने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या पहिल्या संध्याकाळी, माडांत शिरणाऱ्या त्याच्या पाठीला मीही एक हाक मारली असती तर तो वळला असता का, हे मात्र तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.