सुगंधाकाकीची लाइन

सुगंधाकाकीकडे इंग्रजीचा एकच शब्द होता आणि तो तिने जन्मभर पुरवला. विजेची तार म्हणजे लाइन, कसाऱ्याकडे जाणारे रूळही लाइन. मुलगा वाशिंदच्या कारखान्यात कायम झाला तेव्हा तो 'लायनीला लागला'. जमिनीच्या दलालीत शिरलेल्या पुतण्याची 'लाइनच वायली', म्हणजे वेगळी. मी कॉलेजात असताना आरशासमोर जरा जास्त रेंगाळलो, तर शेजारच्या अंगणातून विचारायची, "कुनाला लाइन मारतोस रे?"

पण हा शब्द उच्चारताना तिच्या कपाळाची शीर फुगायची ती दोनच ठिकाणी. एक, गावाच्या कडेने मुंबईला पाणी नेणारी ती अजस्र लोखंडी लाइन. दुसरी, उन्हाळ्यात टँकरसाठी लागणारी हंड्यांची लाइन. आमच्याकडे बाईला स्वतः उभं राहावं लागत नाही. तिचा हंडा उभा असला की ती उभी. काकी नवी नवरी होती तेव्हा आमच्या बौद्धवाड्यातले हंडे कितीही लवकर ठेवा, शेवटी सरकवले जायचे. ते तिने भांडून, एकदा तर डोकं फोडून घेऊन, बंद पाडलं. तेव्हापासून हंडा जिथे लागला तिथेच राहायचा, मग तो कोणाच्याही घरचा असो.

तिला भांडखोर म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्या घरचे हंडेही तिच्याच भरवशावर लाइनीत असत, हे मात्र ते सोयीने विसरत. मला त्यांचा अजून राग येतो.

मागे गावात नळयोजनेचं उद्घाटन झालं. मांडव पडला, फोटोवाला आला. पाहुण्या बाईंची नवीकोरी तांब्याची कळशी कार्यकर्त्यांनी सगळ्यांच्या पुढे आणून ठेवली. काकी उठली. तिने कळशी उचलली आणि शेवटच्या हंड्यामागे नेऊन ठेवली.

"आमी सकालपासून हाव इथं," ती म्हणाली. "तुमी मागं. लाइन ती लाइन."

सरपंचांनी विनवलं, मग दटावलं. काकी हलली नाही, तिच्यामागच्या बायकाही हलल्या नाहीत. शेवटी नळ सोडावा लागला. अर्धे हंडेही भरले नव्हते, तोच नळ फुसफुसला आणि बंद पडला. टाकी फोटोपुरती टँकरने भरली होती! कळशी कोरडीच गाडीत परत गेली. त्या नळाला आजतागायत थेंब आलेला नाही.

काकी यंदा मे महिन्यात गेली. तिला शेवटची आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. टँकर आला तशी सून रंजना हंडा घेऊन धावली. बायकांनी आपापले हंडे मागे ओढले, तिला पुढे ये म्हणाल्या.

"नको गो," रंजना म्हणाली, "आत्यांना नाय चालायचं." आणि तिने हंडा शेवटी ठेवला.

आम्ही सगळे थांबलो. काकीही ओटीवर थांबली, चादरीखाली. माझं डोकं भडकलं होतं. रडूही येईना. मी उठून मुंबईच्या त्या मोठ्या लोखंडी लाइनीपाशी गेलो, दगड उचलला आणि सगळ्या ताकदीने तिच्यावर हाणला.

आवाज बद्द आला. आत काठोकाठ पाणी होतं.