जावळ आणि परतीची तारीख

लेक जन्मली तीच डोकंभर जावळ घेऊन. न्हाऊ घातलं की ते डोक्याला चिकटून बसायचं आणि वाळलं की कानांवर गोल गोल वळायचं. माझ्या माहेरी कुणाचेच केस असे नाहीत. ते तिच्या बापाचे. हे, म्हणजे माझा नवरा, तेव्हा आफ्रिकेतल्या एका देशात होते, तिथे शांतता राखायला गेलेल्या आपल्या फौजेच्या तुकडीत. निघाले तेव्हा लेक पोटात होती. वर्षाने दुसरी तुकडी जाणार आणि ही परत येणार, असं ठरलेलं.

रेंज मिळाली की यांचा व्हिडिओ कॉल यायचा. "जावळ दाखव," म्हणायचे. मी मोबाईल इतका जवळ धरायची की यांना नुसता काळोख दिसत असणार. तरी बघत राहायचे. "माझा हात लागू दे एकदा, मग काढा," एवढंच यांचं मागणं होतं. आमच्यात जावळ वर्षाच्या आत काढतात, मामाच्या मांडीवर. काढलेले केस घरात ठेवत नाहीत, नदीला देतात. म्हणजे हात लागायचा तर वर्ष भरायच्या आत यांनी यायला हवं होतं. मलाही दुसरं काही नको होतं.

यायचा महिना जवळ आला आणि त्या देशाच्या प्रमुखाने जाहीर केलं, की परक्या फौजांनी आता आपापल्या घरी जावं. तारीखही सांगितली. आमच्या हिशेबाने ती दिवाळीच्या थोडी पुढे पडत होती. सासऱ्यांनी आमच्या गावात, डिंगोऱ्याच्या पारावर पेढे वाटले. संध्याकाळी यांचा फोन आला तर आवाज पडलेला. मुक्कामच उठणार म्हटल्यावर नवी तुकडी कोण पाठवतो? सगळं आवरून शेवटी यांनीच निघायचं होतं. परतीची तारीख लागली आणि तिच्याच पायी परतणं लांबलं. मला इतका राग आला की हातातलं भाकरीचं पीठ तसंच परातीत आपटलं.

आमच्या भागातला एक पुढारी विरोधात होता तेव्हा भर सभेत विचारायचा, "आपली पोरं कधी परत आणणार, तारीख सांगा." पुढे तो पलीकडे गेला आणि म्हणू लागला, की तारीख विचारणं हा जवानांचा अपमान आहे. सासरे दोन्ही सभांना पुढच्या रांगेत होते आणि दोन्ही वेळा त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन दोन्ही भाषणं आम्हाला तितक्याच तळमळीने ऐकवली. मी एकदा म्हटलं, "मामंजी, मागं तर उलटं सांगत व्हता." तर म्हणाले, "राजकारण तुला नाय कळायचं." सासूबाई भिंतीकडे तोंड करून हसल्या.

माझं माहेर लोणीचं. वडील आणि भाऊ अजून मेंढरं राखतात. दिवाळीनंतर कळप माळशेजच्या घाटाने कोकणात उतरतो आणि वाटेत डिंगोऱ्याला आमच्या रानात बसतो. रानाला खत मिळतं, मला माहेर मिळतं. पण कळप कधी येणार आणि कधी उठणार ते कुणी विचारायचं नसतं. दिवस सांगितला की मेंढरू हटून बसतं, असं आई म्हणते. चारा असेल तोवर मुक्काम. मग एका सकाळी आई घोड्यावर बिऱ्हाड लादायला लागते, तेव्हा कळतं की निघाले. लग्न झाल्यापासून मी दरवर्षी धुक्यात जागी होते, दार उघडते, तर रान काळं होऊन हळूहळू हलत असतं. आधी घंटा ऐकू येतात. माणसं नंतर दिसतात, पायांशिवाय, धुक्यावर तरंगत आल्यासारखी. त्यांतला सगळ्यात उंच माझा बाप.

त्या वर्षीही ते तसेच आले. सासरे पुढे होऊन म्हणाले, "पावणं, टीव्हीवर तारीख आलीय. जावई येईस्तोवर मेंढरं हितंच बसवा. जावळ काढू, मग उतरा खाली." वडिलांनी आयुष्यात कुणाच्या तारखेसाठी कळप थांबवला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या नातीकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

ते दिवस मला अजून जागेपणी पाहिलेले वाटत नाहीत. उन्हं कोवळी, कांद्याच्या रोपांवर दव, लेक कोकरांमधून रांगतेय आणि तिचं जावळ उन्हात तांबूस दिसतंय. तिकडे यांनी तंबूंच्या घड्या घातल्या होत्या, पेट्यांना कुलपं लागली होती. मी झोपेत यांना दारातून आत येताना पाहायची. बूटही न काढता हात पुढे करायचे, आणि मला जाग यायची. सगळी पाहुणेमंडळी सांगून झाली होती. बोकड भावाने आधीच निवडून ठेवला होता.

आणि मग तोच प्रमुख टीव्हीवर आला. सरहद्दीवर गडबड आहे, फौजांनी तूर्त राहावं, म्हणाला. आधीच्या तारखेचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणे, ती तारीख नव्हती, इच्छा होती. आमच्या पुढाऱ्यानेही लगेच सांगितलं, की आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते उठले, टीव्ही बंद केला आणि गोठ्याकडे गेले. त्या दिवशी ते पारावर गेले नाहीत.

यांनी फोनवर सांगितलं, "घड्या केलेले तंबू परत ठोकलेत." मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. बोलले असते तर रडले असते.

रान तोवर खरवडून निघालं होतं. मेंढरं बांधावरच्या बाभळींची साल कुरतडत होती, दोन गाभण मेंढ्या उठेनात. तरी वडिलांनी निघायचं नाव काढलं नाही. कळप पावसाळ्याला वर परतेस्तोवर लेकीचं वर्ष उलटलं असतं. यांना मी ते सांगितलं तेव्हा यांनी आधी विचारलं, गाभण अजून किती आहेत. मेंढपाळाच्याच कुळातला माणूस. मग म्हणाले, "मेंढरं उपाशी नका ठिवू. काढा जावळ."

सकाळी आईने घोडा लादला. भाऊ पोत्यावर बसला, लेकीला मांडीवर घेतलं, गावच्या न्हाव्याने वस्तरा पाण्यात बुडवला. लेक रडली नाही, मामाचं मुंडासं ओढत राहिली. केस भाकरीवर घेतले. सासरे स्वतः ती भाकरी घेऊन नदीत उतरले, गुडघाभर पाण्यात, ती पाण्यात सोडली आणि वाहत दिसेनाशी झाली तरी तिथेच उभे राहिले. परत आले तर कळप गेलेला होता. रान पांढरं पडलं होतं आणि लेंड्यांचा वास होता.

हे आले ते उन्हाळ्यात. कुणी काही जाहीर केलं नव्हतं, टीव्हीवर त्या देशाचं नावही येत नव्हतं. मी ओट्यावर शेंगा फोडत होते, तर फाटकाशी रिक्षा थांबली. लेक अनोळखी माणसाला पाहून माझ्या पाठीमागे दडली. तिला पुढे यायला दुपार लागली. मग यांनी हलकेच तिच्या डोक्यावर हात ठेवला. नवे केस बोटभर वाढले होते. सरळ, माझ्यासारखे.

हात तिथेच ठेवून यांनी विचारलं, "पहिले हाताला कसे लागायचे गं?"

सांगायला म्हणून मी तोंड उघडलं. रोज तेल लावलं होतं मी त्या जावळाला, रोज विंचरलं होतं. कसं दिसायचं ते सगळं डोळ्यांसमोर आलं. हाताला कसं लागायचं, ते मात्र मला आठवेना.