ताराकाकूचं इथलं होणं

माझा भाऊ शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला तेव्हा मी सातवीच्या मुलींना लसाविचं गणित सांगत होते. न कळवता तो कधी नगरला येत नसे. मी बाहेर गेले. "काकू गेली," तो म्हणाला. "सकाळीच. कावीळ अंगावर काढली तिनं." मी "बरं" म्हणाले, वर्गात परत आले, फळ्यावरचं गणित पुरं केलं, उत्तराखाली रेघ ओढली आणि मग हेडबाईंकडे रजा मागायला गेले. दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं गावी, पुणतांब्याला गेलो. त्याला आता दीड-दोन महिने होत आले. भेटतात ते विचारतात, रडून घेतलंस का? नाही... अजून नाही. का, ते मला सांगता येत नाही. म्हणून जे झालं ते नुसतं लिहून काढते आहे.

ताराकाकू ब्रह्मदेशातली. माझे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, महायुद्धात फौजेबरोबर तिकडे गेले आणि लढाई संपल्यावर रंगूनला एका लाकडाच्या वखारीत कामाला राहिले. तिथंच त्यांनी लग्न केलं. त्याचं पत्र आलं तेव्हा अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ते वाचून घडी करून ठेवलं आणि उत्तर पाठवलं नाही. पुढं तिकडच्या सरकारनं वखारी-दुकानं ताब्यात घेतली, आपल्या लोकांना निघावं लागलं, आणि काका बोटीनं मद्रासला उतरून बायकोसह गावी आले. मूलबाळ नव्हतं. आई स्टेशनवर एक लुगडं घेऊन गेली होती, कारण बाई काय नेसून उतरेल याचा भरवसा नव्हता. लुंगी नेसलेली एक ठेंगणी बाई ट्रंक सांभाळत उतरली. आईनं तिला वेटिंग रूममध्ये नेलं आणि तिथंच लुगडं नेसवून बाहेर आणलं. तिचं खरं नाव मा तिन. "आमच्यात असलं नाव न्हाई कुनाचं," आई म्हणाली. "तारा म्हनू."

पण तिच्या जिभेला 'र' कधी वळलाच नाही. 'र'चा 'य' व्हायचा. आपलं नवं नाव ती 'ताया' असं सांगे, रामरामाला 'याम याम' म्हणे. गावातल्या बायका हसायच्या, तीही त्यांच्याबरोबर हसायची. बाकी मराठी मात्र वर्षभरात ती आईसारखी बोलू लागली, 'लई' आणि 'व्हय' सकट.

कागदोपत्री ती परकीच होती. इथं राहण्याचा परवाना दरसाल नगरच्या पोलीस कचेरीत येऊन वाढवून घ्यावा लागे. मला नगरात नोकरी लागल्यापासून काका-काकू आदल्या संध्याकाळी माझ्या खोलीवर उतरत. येताना ती माझ्यासाठी सुकट परतून आणायची आणि माझ्या घरमालकीणबाईंना वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून आम्ही जेवायचो. गाव सोडून मुक्कामाला जायचं तरी तिला पोलीसपाटलांना सांगावं लागे. सिन्नरला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं तर ही आधी पाटलांच्या दारात. "पाटील, लग्नाला चाल्ले. पयवा येते." पाटील ओशाळायचे. "अवो वैनी, जा की. मला काय इचारता?" तरी ती विचारूनच जायची.

काकांनी तिच्या नागरिकत्वाचा अर्ज केला होता, भारतीय माणसाची बायको म्हणून. तो मुंबईला गेला आणि तिथंच राहिला. तेवढ्यात विहिरीवर इंजिन सुरू करताना काकांच्या छातीत कळ आली आणि ते तिथंच गेले. त्या वर्षी परवान्यासाठी काकू एकटी आली. मी तिच्याबरोबर कचेरीत गेले. तिथले साहेब वाईट नव्हते. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले. "अर्ज नवऱ्याच्या नात्यानं केलेला आहे," ते मला म्हणाले. "आता ते हयात नाहीत. वरून विचारणा होणार. यांचं तिकडे कुणी आहे ना?" कचेरीच्या बाहेर निंबाखाली काकूनं कागद घडी करून पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "तिकडं बहीन हाय. ती लिहिती, तू आता हितली न्हाई."

पुढच्या थंडीत बांगलादेशची लढाई झाली. नगरात दिवे झाकलेले, लष्कराच्या गाड्यांची ये-जा, आणि परक्या माणसांची नव्यानं चौकशी. गावात पोलीस येऊन काकूला पाहून गेले. त्या दिवसांत तिनं ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. आई ती उघडायची आणि आतली लुगडी पुन्हा दांडीवर टाकायची. काकू ती परत भरायची. भावकीतले एकदोघं ओट्यावर येऊन बसत. "अन्ना, तुमी मधी पडू नका," ते म्हणत. "बाई गेली तर रान एकच ऱ्हातंय. परदेशी बाईच्या नावावर सातबारा कसा चढायचा?" अण्णा ऐकून घ्यायचे. हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, ताट तेवढं वाढायची.

मग एकदा अर्जाच्या चौकशीला तालुक्याहून एक अधिकारी आले. मी सुट्टीला गावी होते. चावडीवर बरीच माणसं जमली होती. काकू खांबाला टेकून, पदर पुढं ओढून बसली होती.

"तुम्हाला इथंच का राहायचंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मंग कुठं याहू?"

त्यांना कळलं नाही. "काय म्हणालात?"

"कुठं याहू?" ती पुन्हा म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

अधिकारी अण्णांकडे वळले. "तुम्ही थोरले दीर. या तुमच्याकडे राहणार असतील तर तुमची हरकत आहे का?"

अण्णा उठले. त्यांच्या हातात टोपी होती, ती त्यांनी डोक्यावर घातली. "साहेब, ती माझ्याकडं न्हाई ऱ्हात," ते म्हणाले. "ती तिच्या घरात ऱ्हाती. भावाच्या वाटनीचं रान तिचं हाय. तसंच लिवा." भावकीतले खाली बघत राहिले. इतक्या वर्षांत अण्णा धाकट्या भावजयीशी समोरासमोर कधी बोलले नव्हते, आमच्यात तशी रीतच नाही. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "तारा, अंगठा नगं उठवू. सही कर. येती तुला."

तिनं सही केली, तिच्या भाषेतल्या गोल गोल अक्षरांत. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय? "तिचं नाव हाय," अण्णा म्हणाले.

मंजुरी आली. शपथ घ्यायला ती नगरला आली तेव्हा माझ्या खोलीत बसून शपथेचे शब्द घोकत होती, आणि प्रत्येक वेळी 'भारत'चा 'भायत' होत होता. कचेरीतही तसंच झालं. मॅजिस्ट्रेट तरुण होते. ते क्षणभर थांबले. मला वाटलं, पुन्हा म्हणायला लावणार. "झालं," ते म्हणाले. "बसा, ताराबाई."

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "आता पयवान्याला यायचं न्हाई?"

"नाही. कधीच नाही."

"मंग तुझ्याकडं कशी येऊ गं?"

"अशीच ये की," मी म्हणाले.

ती आली नाही. पाऊस झाला नाही, गोदावरीच्या पात्रात झिरे खणून पाणी भरायची पाळी आली, जनावरांना चारा नव्हता, आईला सोडून तिला निघवत नव्हतं. अण्णांनी तिचं नाव सातबाऱ्याला लावून घेतलं, ते मला आईच्या पत्रातून कळलं. मग तिचे डोळे पिवळे झाले, आणि ती कुणाला काही बोलली नाही...

परवा सुट्टी लागली म्हणून गावी गेले. दुपारची वेळ. आई ओसरीवर सहाण घेऊन बसली होती, चंदनाचं खोड उगाळत. देवपूजा तर सकाळीच झालेली. मी बघत राहिले. तिनं बोटानं गंध घेतलं आणि आपल्या दोन्ही गालांवर गोल गोल माखलं.

"हे काय गं?"

"ताराची सवय," आई म्हणाली. "तिच्या मुलखात गालाला कसल्याशा झाडाची साल उगाळून लावत्यात. हितं ती मिळंना, मंग चंदन. ऊन लागत न्हाई म्हनायची. रोज दुपारी मला बी लावायची. आता हात थांबत न्हाई."

आईनं सहाणेवर उरलेलं बोटावर घेतलं, माझी हनुवटी धरली आणि माझ्या गालाला लावलं.

गार लागलं.